नवव्या सीझनवरचा आळ

'द सिम्पसन्स' ही अमेरिकी कार्टून मालिका नेमकी कधी घसरली, या वादाला आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली आणि एवढ्या काळात त्यातला एकही पक्ष जागचा हललेला नाही. एक पक्ष थेट तारीख काढून दाखवतो: २८ सप्टेंबर १९९७. त्या रात्री फॉक्सवर नवव्या सीझनचा दुसरा भाग लागला, 'द प्रिन्सिपल अँड द पॉपर'. इतकी वर्षं मुख्याध्यापक सिमोर स्किनर म्हणून वावरणारा माणूस स्किनर नाहीच, तो आर्मिन तमझेरियन नावाचा तोतया आहे, असं त्यात प्रेक्षकांना सांगण्यात आलं. या मंडळींच्या लेखी मालिका तिथेच संपली. माइक स्कली नवे शोरनर, म्हणजे सगळ्या मालिकेचा कारभार पाहणारे प्रमुख लेखक-निर्माते, म्हणून आले आणि त्यांनी चांगलं चाललेलं घर बुडवलं. दुसरा पक्ष म्हणतो, बिघडलं-बिडलं काही नाही, तुमचं बालपण संपलं एवढंच. दोघांनीही मालिका मन लावून पाहिली आहे, पण ती तयार कशी होते याकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. माझ्या मते नववा सीझन ही कुणा एकाची करणी नव्हे. मालिकेने वळण घेतलं ते आठव्या सीझनमध्ये, जाणूनबुजून, आणि तिच्या सगळ्यात हुशार लेखकांच्या हातून. नवव्यात दिसतो तो वळणानंतरचा रस्ता.

आधी साध्या कागदपत्रांपासून सुरुवात करू. या मालिकेच्या प्रत्येक भागाला निर्मितीचा एक क्रमांक असतो, आणि तो भाग कोणत्या वर्षी लागला यापेक्षा कोणत्या तुकडीत तयार झाला हे त्यावरून कळतं. 'द प्रिन्सिपल अँड द पॉपर'चा क्रमांक ४एफ२३. म्हणजे तो आठव्या सीझनच्या तुकडीतला, तेव्हाचे शोरनर बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन यांच्या देखरेखीखाली तयार झालेला. त्याच्या आदल्या आठवड्यातला, सिम्पसन कुटुंबाचा बाप होमर याची गाडी न्यूयॉर्कमध्ये अडकते तो भाग ४एफ२२, तोही त्यांचाच. ४एफ२४ म्हणजे 'लिसा द सिम्पसन', जो थेट मार्च १९९८मध्ये दाखवला गेला. नवव्या सीझनच्या २५ भागांपैकी हे तीन ओकली-वाइनस्टीन यांचे. 'लिसाज सॅक्स' आणि 'सिम्पसन टाइड' हे दोन जुने शोरनर अल जीन आणि माइक रीस यांनी केले. 'द जॉय ऑफ सेक्ट' आणि 'ऑल सिंगिंग, ऑल डान्सिंग' हे आणखी एक माजी शोरनर डेव्हिड मिर्किन यांचे. स्कली यांच्या वाट्याला उरतात १८. ज्या सीझनवर एका माणसाचा शिक्का मारला जातो, त्यात चार वेगवेगळे हात आहेत, आणि ज्या भागासाठी त्या माणसाला सुळावर दिलं जातं तो त्याचा नाहीच!

असं का होतं, हे निर्मितीची पद्धत पाहिली की कळतं. लेखक कथेची कल्पना मांडतो, मग पहिला खर्डा लिहितो. तो रायटर्स रूममध्ये येतो आणि तिथे सगळे मिळून त्याची ओळ न ओळ उलटीपालटी करतात. नंतर टेबल रीड, म्हणजे कलाकारांनी टेबलाभोवती बसून केलेलं वाचन. जिथे कुणी हसलं नाही ती जागा पुन्हा लिहायची. त्यानंतर आवाजांचं रेकॉर्डिंग, स्टोरीबोर्ड, अ‍ॅनिमॅटिक. हे कच्चं चलचित्र लेखकांना दाखवलं जातं आणि तेव्हा आणखी एकदा लेखणी चालते. मग रंगीत अ‍ॅनिमेशनसाठी काम दक्षिण कोरियात जातं. तिथून परतलेल्या फिल्ममध्ये सुधारणा करायला वाव उरतो तो अगदी थोडा, कारण एक दृश्य नव्याने काढायचं तर पैसा आणि आठवडे दोन्ही जातात. शेवटी वाद्यवृंद, जो २०१७पर्यंत आल्फ क्लॉसेन यांचा होता, आणि ध्वनिमिश्रण. या सगळ्याला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. त्यामुळे सीझनच्या तोंडाशी लागणारे भाग बहुधा मागच्या कारभाऱ्यांचे असतात. हा घोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे. सगळ्यात आधी तयार झालेला 'सम एन्चान्टेड ईव्हनिंग' कोरियाहून इतक्या वाईट अवस्थेत आला की त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास काम पुन्हा करावं लागलं. पहिला भाग म्हणून लागायचा तो १३ मे १९९०ला, पहिल्या सीझनचा शेवटचा म्हणून लागला. मालिकेची सुरुवात १७ डिसेंबर १९८९ला नाताळच्या भागाने झाली ती अशी.

याच घोळातून श्रेयही चुकीच्या पदरात पडतं, पण त्यावर मात्र कुणी वाद घालत नाही. पाचव्या सीझनचा दुसरा भाग 'केप फिअर' हा मालिकेच्या शिखरांपैकी एक मानला जातो. बार्टच्या जिवावर उठलेला साइडशो बॉब बागेतल्या दाताळ्यांवर पाय देतो आणि प्रत्येक वेळी दांडा त्याच्या तोंडावर आदळतो. एकदा नाही, नऊ वेळा. भाग लांबीला कमी पडत होता म्हणून हा विनोद ताणला गेला, आणि ताणण्यातच त्याची गंमत निघाली: आधी हसू येतं, मग कंटाळा येतो, मग त्या कंटाळ्याचंच हसू येतं. हा भाग चौथ्या सीझनच्या तुकडीचा, जीन-रीस यांचा. त्यानंतर ते दोघे 'द क्रिटिक' ही दुसरी मालिका करायला गेले. सॅम सायमन, जे कोगन, वॉलेस वोलोदार्स्की, जेफ मार्टिन ही सुरुवातीची मंडळी बाहेर पडली. कोनन ओब्रायन १९९३मध्ये रात्रीच्या टॉक शोकडे गेले. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या सीझनच्या मध्ये रायटर्स रूम जवळजवळ रिकामी झाली होती. माणसं बदलली की मालिका मरते हा सिद्धांत खरा असता, तर ती १९९३मध्येच मरायला हवी होती. प्रत्यक्षात मिर्किन यांच्या हाताखालच्या पुढच्या दोन सीझनना आज सुवर्णकाळ म्हटलं जातं.

कथा भलत्याच हवेत गेल्या, हा दुसरा आरोपही याच जागी अडखळतो. फेब्रुवारी १९९४मध्ये होमर अंतराळात गेला होता. त्याहून अधिक हवेत माणूस जाणार कुठे? पण 'डीप स्पेस होमर' कसा बांधलाय ते पाहण्यासारखं आहे. अणुवीज प्रकल्पात आठवड्याचा उत्कृष्ट कामगार निवडायचा असतो. नियमाप्रमाणे कधीच न जिंकलेल्या होमरचा नंबर लागायला हवा, आणि बक्षीस मिळतं एका निर्जीव कार्बनच्या दांड्याला. घरीही त्याला कुणी मान देत नाही. दुसरीकडे नासाच्या प्रक्षेपणांना प्रेक्षक मिळेनासे झालेत आणि त्यांना एक सर्वसामान्य माणूस हवा आहे. या दोन गरजा एकमेकींना भेटतात तेव्हा अशक्य गोष्ट घडते, आणि शेवटी यानाचं दार धरून ठेवतो तोच कार्बनचा दांडा; पृथ्वीवर मिरवणूकही त्याचीच निघते. होमरला काय हवं होतं, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं. कथा कितीही उडाली तरी तिची दोरी त्या अपमानाला बांधलेली राहते.

आता विरोधी पक्षाचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही. २६ एप्रिल १९९८चा 'ट्रॅश ऑफ द टायटन्स' घ्या. मालिकेचा दोनशेवा भाग. होमर कचरा नेणाऱ्यांशी भांडतो, माफी मागायला नकार देतो आणि त्याच हट्टापायी स्वच्छता आयुक्ताच्या निवडणुकीला उभा राहतो. आपलं काम दुसऱ्या कुणीतरी करावं, एवढ्याच आश्वासनावर तो निवडूनही येतो. वर्षाचं बजेट महिन्यात उडवतो, इतर शहरांचा कचरा पैसे घेऊन जुन्या खाणीत भरतो, आणि शेवटी सगळं गाव उचलून पाच मैल पलीकडे न्यावं लागतं. राजकीय विडंबन म्हणून हे धारदार आहे, त्याला एमीही मिळालं. पण होमरला इथे हवं काय होतं? काहीच नाही. हट्ट म्हणजे गरज नव्हे. चुकल्यावर त्याला लाजही वाटत नाही, आणि बायकोच्या, मार्जच्या, नाराजीला कथेत वजन नाही. आधीचा होमर मूर्ख होता, पण घरच्यांच्या नजरेतून उतरण्याची त्याला भीती वाटायची. ती भीती नवव्या सीझनमध्ये ठिकठिकाणी पातळ होते. हे नाकारणाऱ्यांनी दोन्ही भाग पाठोपाठ पाहावेत.

स्किनरच्या भागाबद्दलची तक्रारही पोरकट नाही. स्किनरला आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीच त्यावर उघड टीका केली आहे. त्यांचा मुद्दा असा की प्रेक्षकांनी आठ वर्षं एका पात्रात जीव गुंतवला आणि तुम्ही काहीही कारण नसताना तो उधळून लावलात. हा आक्षेप भक्कम आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष, की कल्पनाच मुळात पाप होती, पटत नाही. लेखक केन कीलर यांच्या डोक्यात इंग्लंडमधलं टिचबोर्न प्रकरण होतं. १८५४मध्ये समुद्रात हरवलेल्या रॉजर टिचबोर्नच्या नावाने १८६६मध्ये ऑस्ट्रेलियातून एक धिप्पाड इसम उगवला, आणि हरवलेल्याच्या आईनेच त्याला मुलगा म्हणून पदरात घेतलं. मराठी वाचकाला तर हे नवीन नाही. पानिपतावर पडलेल्या सदाशिवराव भाऊंचा तोतया १७७६मध्ये कोकणात उभा राहिला तेव्हा त्यालाही किल्ले मिळाले आणि माणसं मिळाली. अशा गोष्टीत तोतयापेक्षा त्याला मानणारे लोक जास्त विलक्षण असतात: समोर पुरावा असतानाही त्यांना खोटा माणूस का हवा असतो?

कीलर यांचा भाग नेमका हाच प्रश्न घेऊन येतो, आणि नेमका तिथेच पडतो. खरा स्किनर येतो पहिल्या अंकाच्या शेवटी. दुसरा अंक व्हिएतनाममधल्या खुलाशात आणि तोतयाच्या गाव सोडण्यात जातो. गावकऱ्यांना जुनाच माणूस का हवा, हा खरा गाभा तिसऱ्या अंकाच्या काही मिनिटांत उरकला जातो, आणि मार्टिन शीन यांच्या आवाजातल्या सरळमार्गी खऱ्या स्किनरला खुर्चीला बांधून रेल्वेवरून रवाना केलं जातं. वर सिम्पसन कुटुंबाचं त्यात काही पणाला लागलेलं नाही; ती बघ्यांच्या गर्दीत आहेत. म्हणजे दोष मांडणीचा आहे. शेवटी न्यायाधीश फर्मान काढतो की सगळं पूर्वीसारखंच होतं असं मानायचं, आणि या प्रकाराची वाच्यता केली तर छळ होईल. हे फर्मान अर्थातच आपल्यासाठी आहे. दर आठवड्याला सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा, प्रत्येक सिटकॉमचा न बोललेला नियम इथे कोर्टात वाचून दाखवला जातो. प्रेक्षक चिडले, कारण आपल्यालाच त्या गावकऱ्यांच्या रांगेत उभं केलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

आणि हे उद्योग अचानक सुरू झाले नव्हते. आठवा सीझन बारकाईने पाहा. १ डिसेंबर १९९६ला बार्टचा मित्र मिलहाउस याच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला, आणि भाग संपताना ते पुन्हा एकत्र आले नाहीत. ज्या जगात काहीच टिकत नाही तिथे एक गोष्ट टिकली. फेब्रुवारी १९९७मध्ये पूची नावाचा कुत्रा आला. मालिकेच्या आतल्या 'इची अँड स्क्रॅची' कार्टूनला नवं पात्र घालून जिवंत करायचा खटाटोप, आणि प्रेक्षकांना तो आवडला नाही म्हणून हाताने लिहिलेल्या एका पाटीवर त्याचा केलेला मृत्यू. त्या भागात सिम्पसनांच्या घरात रॉय नावाचा एक तरुण कसलंही स्पष्टीकरण न देता वावरत असतो. कुटुंबात नवं पात्र आणा, या चॅनेलकडून आलेल्या सूचनेला लेखकांनी दिलेलं ते उत्तर होतं. याच भागाने 'द फ्लिन्टस्टोन्स' या जुन्या कार्टून मालिकेचा १६६ भागांचा विक्रम मोडला, हा योग फार बोलका आहे. 'फ्लिन्टस्टोन्स'ने १९६५मध्ये, आपल्या शेवटच्या सीझनमध्ये, ग्रेट गझू नावाचा परग्रहावरचा हिरवा बुटका खरोखरच आणला होता. 'सिम्पसन्स'ने आपला गझू विनोद म्हणून आणला आणि मारून टाकला. म्हातारपणाची लक्षणं ओळखणं आणि त्यांचीच टिंगल करणं, हा त्या सीझनचा खरा विषय आहे.

त्याचा कळस ४ मे १९९७ला, 'होमर्स एनिमी'मध्ये. जॉन स्वार्ट्झवेल्डर यांच्या या भागात होमरचा नवा सहकारी फ्रँक ग्राइम्स येतो. चार वर्षांचा असताना आईबापांनी टाकलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस. राहतो एका बोलिंग अ‍ॅलीच्या वर आणि दुसऱ्या बोलिंग अ‍ॅलीच्या खाली. होमर त्याला घरी जेवायला बोलावतो. टेबलावर लॉब्स्टर, दारात दोन गाड्या, भिंतीवर अंतराळवीरांबरोबरचा फोटो, कपाटात ग्रॅमी. ग्राइम्स एकेक वस्तू पाहतो आणि त्याचा तोल जातो: हा आळशी, बेजबाबदार माणूस, आणि याला हे सगळं कसं मिळालं? विनोदाची जागा नीट बघा. अंतराळ, ग्रॅमी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड ही सगळी जुन्या भागांतली कथानकं. दर आठवड्याला पुसली जाणारी पाटी ग्राइम्सने पहिल्यांदा सलग वाचली, आणि ती त्याला सहन झाली नाही. शेवटी होमरची नक्कल करत तो हायव्होल्टेज तारा हातात धरतो आणि मरतो. अंत्यविधीत पेंगुळलेला होमर चॅनेल बदलायला सांगतो, सगळे हसतात, शवपेटी खाली जाते. या भागाने होमरच्या वागण्याची किंमत कुणीतरी चुकवतं हे दाखवून दिलं, आणि त्याला त्याची जाणीवही नाही हेही. एवढं एकदा पडद्यावर बोलून झाल्यावर पुढच्या वर्षी त्याच होमरच्या चुकांवर पूर्वीसारखं निर्धास्त हसता येईल, अशी अपेक्षा कशी करायची? 'ट्रॅश ऑफ द टायटन्स'चा निगरगट्ट होमर स्कलींनी शून्यातून घडवलेला नाही. तो ग्राइम्सच्या अंत्यविधीत पेंगत बसलेला होता.

मग आठव्या सीझनने असं करायला नको होतं का? माझ्या मते दुसरा मार्गच नव्हता. बार्ट दहा वर्षांचा, लिसा आठ वर्षांची, मॅगी एक वर्षाची. पात्रं वाढत नाहीत, पण वापरून झालेल्या कथा वाढत जातात. बहीणभावाची चढाओढ, नवराबायकोचा अबोला, नोकरी जाणं, बापाने मुलीला निराश करणं: दोनशे भागांत यातलं काय उरतं? रायटर्स रूममध्ये सगळ्यात जीवघेणं वाक्य म्हणजे 'हे करून झालंय'. ते आलं की तीनच वाटा उरतात. जुनी कथा नव्या कोनातून सांगा, बाजूच्या पात्रांकडे वळा किंवा जगाचे नियम मोडा. आठव्या आणि नवव्या सीझनने तिन्ही चोखाळल्या. दुकानदार अपूचं लग्न, बारवाल्या मोचं प्रेम, स्किनरचं खोटं नाव, हे सगळं त्या गरजेतून आलेलं आहे. काही जमलं, काही फसलं. शेरलॉक होम्सला कॉनन डॉयल यांनी १८९३मध्ये कड्यावरून ढकललं ते त्याच्या लोकप्रियतेला कंटाळून, आणि १९०३मध्ये परत आणलं ते वाचकांनी सोडलं नाही म्हणून. टीव्ही मालिकेला असा दहा वर्षांचा अज्ञातवास परवडत नाही. तिला पुढच्या सप्टेंबरला हजर व्हावं लागतं.

एक बाहेरचं कारणही होतं, ज्याची चर्चा क्वचित होते. मोठ्यांसाठीचं अ‍ॅनिमेशन ही अनेक वर्षं जवळजवळ या एका मालिकेची जहागीर होती. जानेवारी १९९७मध्ये 'किंग ऑफ द हिल' आली, आणि ती उभी करायला ग्रेग डॅनियल्स इथूनच गेले होते. ऑगस्ट १९९७मध्ये 'साऊथ पार्क' आली. तिचा भाग आठवड्याभरात तयार होऊ लागला, तेव्हा नऊ महिन्यांच्या यंत्राला ताज्या विषयावर तिच्याशी स्पर्धा करणं शक्यच नव्हतं. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग आणि पूचीचा भाग लिहिणारे डेव्हिड कोहेन 'फ्युचरामा' या नव्या मालिकेच्या मागे लागले, पुढे कीलरही तिकडेच गेले. स्कली यांना मिळालेली रायटर्स रूम ही अशी, चारी बाजूंनी ओढली जाणारी.

'तुमचं बालपण संपलं' म्हणणाऱ्यांना मात्र एवढ्यावरून सुटका नाही. पात्राला काय हवं आहे, ते केव्हा कळतं, अंक कुठे वळतो, शेवटी कुणाचं काय गेलं, या गोष्टी आठवणींवर अवलंबून नसतात. भाग समोर ठेवून तपासता येतात, आणि तपासल्या तर फरक दिसतो. फक्त तो एका रात्रीत पडलेला दिसत नाही. 'हॅपी डेज' या सिटकॉममध्ये फॉन्झी या लोकप्रिय पात्राने सप्टेंबर १९७७मध्ये शार्कवरून उडी मारली आणि एका क्षणात मालिका संपते या कल्पनेला त्यावरूनच पुढे 'जम्पिंग द शार्क' हे नाव मिळालं. ती मालिका त्यानंतर १९८४पर्यंत चालली. एक क्षण सापडला की शोध थांबतो, हा त्या कल्पनेचा खरा तोटा.

शंका असेल त्याने नववा सीझन निर्मितीच्या क्रमाने लावून बघावा. ४एफ२४ संपल्यावर ५एफ०१ येतो, म्हणजे स्कली यांच्या तुकडीचा अगदी पहिला क्रमांक. हा 'द कार्ट्रिज फॅमिली', लेखक पुन्हा स्वार्ट्झवेल्डर. होमर बंदूक विकत आणतो. ती टाकून दिली असं सांगून तो ती फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात लपवतो, तिथे ती बार्टच्या हाती लागते, आणि मार्ज मुलांना घेऊन घर सोडते. होमरला बंदूक हवी आहे कारण ती हातात आली की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. मार्जला घर हवं आहे. दोघांचंही काहीतरी पणाला लागलेलं आहे. बंदुकीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनाही बोलायला जागा मिळते. शेवटी होमर स्वतःहून ती मार्जच्या हाती देतो आणि टाकून द्यायला सांगतो. ती कचऱ्याच्या डब्यात टाकायला जाते, झाकणाच्या चकाकीत बंदूक घेतलेली स्वतःची छबी तिला दिसते, आणि ती बंदूक गुपचूप पर्समध्ये ठेवते. सुवर्णकाळाच्या कुठल्याही सीझनमध्ये हा भाग शोभला असता, आणि तो त्याच माणसाच्या कारकिर्दीचा पहिला भाग आहे ज्याच्या नावावर ४एफ२३ खपवला जातो.